दप्तर जरा सरकव

प्रिय ताई,

मी नववीत आहे. आमच्या वर्गात एक मुलगा बोलताना अडखळतो. हजेरीत त्याचा नंबर जवळ आला की अख्खा वर्ग चिडीचूप होतो. तो 'हजर' म्हणायला लागला की मागच्या बाकांवरून 'ह-ह-ह-ह' सुरू. सर मान वर करतात, 'शांत बसा' म्हणतात आणि पुढचा नंबर घेतात. मी हसत नाही. म्हणजे दोन-तीनदा हसलेय.

एकदा त्याची वही खाली पडली, ती मी उचलून दिली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर आमच्या दोघांची नावं, मध्ये बदाम. तेव्हापासून मी त्याच्याकडे बघतही नाही. मागच्या महिन्यात शाळेत सद्भावना सप्ताह झाला. माझ्या पोस्टरला पहिलं बक्षीस मिळालं. ते आता त्याच्याच बाकाच्या वर लावलंय आणि त्याच्याखाली त्याच्या नकला चालतात. आईला सांगितलं तर ती म्हणाली, तू कशाला मध्ये पडतेस? ताई, छोट्या छोट्या चांगुलपणाने खरंच काही होतं का, की हे सगळं पोस्टरपुरतंच असतं?

– बघ्यांतली एक

*

प्रिय बघ्यांतली एक,

'म्हणजे दोन-तीनदा हसलेय' हे वाक्य तू गाळलं असतंस तर मला कळलंही नसतं. तू ते लिहिलंस, म्हणून मीही एक सांगते.

मी सहावीत असताना आमच्या वर्गात जाड भिंगांचा चष्मा लावणारी एक मुलगी होती. मुलींनी तिच्यावर दोन ओळींचं गाणं जुळवायला घेतलं. पहिली ओळ झाली, दुसरी काही जमेना. तिचं यमक मी दिलं. मराठीत हुशार होते ना! ते गाणं वर्षभर चाललं. मी ते मोठ्याने म्हणायचे नाही, त्यामुळे आपण त्यातल्या नाही अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

खूप वर्षांनी ती एका समारंभात भेटली. माफी मागावी म्हणून मी विषय काढायला गेले, तर तीच म्हणाली, "ते गाणं ना?" आणि दोन्ही ओळी म्हणून दाखवल्या. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. ती हसत होती. मला काही हसता येईना.

मग तिने आमच्याच वर्गातल्या एका मुलीचं नाव घेतलं. मला तर ती मुलगी चटकन आठवलीही नाही, इतकी साधी. गाणं सुरू झालं की म्हणे ती लांबून हाक मारायची, "अगं, चल ना, बाटली भरून आणू." बाटली भरलेली असली तरी. दोघी नळावर जायच्या, असलेलं पाणी ओतायच्या आणि पुन्हा भरून आणायच्या. गाणाऱ्यांना ती मुलगी कधी काही बोलली नाही. पण जिच्यावर गाणं, तीच उठून गेल्यावर ते म्हणायचं कुणासाठी?

तू विचारलंस ना, छोट्या चांगुलपणाने काही होतं का? या बाटलीने होतं. पोस्टरने सहसा होत नाही. तुझं बक्षीस कमी लेखत नाही मी, चित्र सुंदरच असणार. पण पोस्टर सगळ्यांना उद्देशून असतं, म्हणून ते कुणालाच लागू होत नाही. बाटली एकीसाठी होती आणि ऐन वेळी होती.

आता बघ्यांविषयी. ही सही तू स्वतःला बोल लावायला केली असशील, पण या सगळ्या प्रकारात सगळ्यात जास्त ताकद बघ्यांच्याच हातात असते. डेब्रा पेप्लर आणि वेंडी क्रेग या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेच्या मैदानावर लांबून कॅमेरे लावून, मुलांच्या अंगावर छोटे माइक बसवून असे प्रसंग टिपले. २००१ साली त्यांनी जे मांडलं त्यात दहातल्या जवळजवळ नऊ प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं होती. ती मध्ये पडली मात्र साधारण पाचातून एकदाच. आणि पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा तो प्रकार १० सेकंदांच्या आत थांबला. १० सेकंद म्हणजे तुझ्या बुटाची नाडी बांधून व्हायच्या आत.

फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाली यांनी तर बघ्यांचेही प्रकार पाडले. त्रास देणाऱ्याच्या हाताखाली काम करणारे, हसून त्याला चेव आणणारे, आपला काही संबंध नाही म्हणून बाजूला राहणारे आणि ज्याला त्रास होतोय त्याच्या बाजूने उभे राहणारे. त्यांच्याच अभ्यासातून तिथल्या शाळांसाठी 'कीवा' नावाचा कार्यक्रम उभा राहिला. त्याचा मुख्य भर आहे तो बघ्यांवर, कारण दांडगाईला प्रेक्षक लागतात. नक्कल करणारा तुझ्या वर्गमित्रासाठी नक्कल करतच नाही, तो ती तुमच्यासाठी करतो. तू मूग गिळून बसलीस की त्याच्या हिशेबात तू त्याच्या बाजूची. आणि ज्याची नक्कल चालली आहे, त्याच्याही हिशेबात तू त्याच बाजूची. मला वाटतं, खरं दुखतं ते इथेच.

तेव्हा हजेरीकडे वळू. तुझ्या पत्रात तू एक फार नेमकी गोष्ट टिपली आहेस. ह-ह-ह नंतर सुरू होतं, त्याच्या आधी वर्ग चिडीचूप होतो. ती शांतता म्हणजे नाटकाचा पडदा वर जाणं. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत असताना पहिला शब्द काढायचा, आणि तोही ठरलेला, बदलता न येणारा! अडखळत बोलणाऱ्यांना असा ठरलेला शब्द फार जड जातो. एरवी बोलताना ते अडणारा शब्द टाळून दुसरा घेतात, इथे ती पळवाट नाही.

मग पडदा वर जाऊच द्यायचा नाही. त्याचा नंबर दोन-तीनांवर आला की तू दप्तराची चेन उघड, कंपासपेटी काढ, शेजारणीला हळूच तारीख विचार. वर्गात नेहमी असतो तेवढा साधा आवाज राहू दे. आणि हजेरीत त्याच्या पुढचा नंबर कोणाचा आहे ते बघ. त्या मुलाला किंवा मुलीला गाठून एवढंच सांग, "त्याचं 'हजर' झालं रे झालं की तू तुझं लगेच, खणखणीत म्हण. सर नंबर पुकारेपर्यंत थांबू नकोस." नक्कल शिरते ती मधल्या फटीतून. फट बुजली की मागच्या बाकांना जागाच उरत नाही. कुणी भाषण दिलं नाही, कुणाशी भांडण झालं नाही, आणि कदाचित कुणाच्या लक्षातही येणार नाही. लक्षात आलंच नाही तर ते उत्तम जमलं असं समज.

त्याच्याशी बोलायची वेळ आली तर दोन-तीन गोष्टी लक्षात ठेव. वाक्य त्याचं त्याला पूर्ण करू दे. त्याचा शब्द तोंडातून काढून घेऊ नकोस, मदत म्हणूनसुद्धा नाही. 'सावकाश बोल', 'श्वास घे', 'घाबरू नकोस' हे सांगणं मनातून आलं तरी त्याला ते टोचतं. हे अडखळणं काही भित्रेपणातून आलेलं नसतं आणि असले उपदेश त्याने हजारदा ऐकलेले असतात. नजर चुकवू नकोस आणि रोखूही नकोस. इतर कुणाशी बोलताना बघतेस तसंच बघ. आणखी एक गंमत तुला कदाचित माहीत नसेल. अडखळत बोलणारी बहुतेक माणसं इतरांबरोबर एकसुरात वाचताना किंवा गाताना जवळजवळ अडखळत नाहीत. धडा वाचायची वेळ आली की 'सर, आज जोडीजोडीने वाचू का?' असं कुणी विचारलं, तर सर सहसा नाही म्हणत नाहीत. मात्र हे त्याच्यासाठी म्हणून विचारायचं नाही, सगळ्या वर्गासाठी विचारायचं. नाहीतर 'याच्याकरता' म्हणून पुन्हा त्याच्याचकडे बोट.

इथे एक गोष्ट जरा कठोरपणे सांगते. तो तुझा प्रकल्प नाही. कीव आली की माणूस वरून खाली बघायला लागतो, आणि ज्याच्याकडे तसं बघितलं जातं त्याला ते टिंगलीपेक्षा लवकर कळतं. त्याला गणित चांगलं येत असेल तर गणित विचार. तो चित्रं काढत असेल तर पोस्टरमधला हात नीट का जमला नाही ते विचार (हात कुणालाच जमत नाहीत). काहीतरी त्याच्याकडून घे. देणारी फक्त तूच राहिलीस तर मैत्री होत नाही, उपकार होतात.

आता फळ्यावरचा बदाम. तुझी खरी अडचण ही आहे, आणि मोठी माणसं नेमकी हिलाच हसून उडवून लावतात. मी उडवणार नाही. तुमच्या वयात मुलीने मुलाची वही उचलून दिली तर ती बातमी होते. चिडवणाऱ्यांना हेही पक्कं माहीत असतं की असं चिडवलं की मदत करणारी मागे सरते. तू सरलीस. बहुतेक कुणीही सरलं असतं.

याला दोन उपाय आहेत आणि दोन्ही एकदमच कर. पहिला म्हणजे एकटीने जाऊ नकोस. मैत्रिणींपैकी एक, आणि जमलं तर वर्गातला एखादा बरा मुलगा, असे तिघं मिळून ठरवा. प्रयोगशाळेत गट पाडायची वेळ आली की तिघांपैकी कुणीही 'आमच्यात एक कमी आहे, ये' म्हणू शकतं. तिघांची नावं बदामात मावत नाहीत. दुसरा उपाय असा की हा चांगुलपणा फक्त त्याच्याशी करू नकोस. नवीन आलेली मुलगी, आजारपणामुळे आठवडाभर न आलेला मुलगा, नेहमी एकटाच बसणारा कुणी, सगळ्यांशी कर. २०१२ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातल्या शाळांमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ९ ते ११ वर्षांच्या मुलांना चार आठवडे, आठवड्यातून तीन चांगली कामं करायला सांगितली होती, कुणासाठीही, कसलीही. दुसऱ्या गटाला नुसतं तीन ठिकाणी फिरून यायला सांगितलं. आनंदी दोन्ही गट झाले. पण ज्यांनी चांगली कामं केली, ती मुलं वर्गातल्या इतरांनाही जास्त हवीहवीशी वाटायला लागली. म्हणजे, मध्ये पडले तर मीच वाळीत पडेन ही जी तुझी भीती आहे, ती खोटी नाही, पण वाटते तेवढी खरीही नाही.

आणि बदाम पुन्हा दिसला तर? सकाळी लवकर जा, डस्टर घे, पुसून टाक, बस. 'तसं काही नाहीये गं' म्हणत सगळ्यांना पटवत बसू नकोस, ती आगीत तेल ओतण्याची हमखास रीत आहे. कुणी विचारलंच तर 'बरं' म्हण आणि वही उघड. चिडवणाऱ्याला चिडलेलं माणूस हवं असतं.

ज्याच्या जिवावर हे सगळं चालतं त्या नकलाकाराचं काय करायचं, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असणार. त्याला सगळ्यांसमोर काही बोलू नकोस. प्रेक्षकांपुढे तो हरू शकत नाही, त्यामुळे दुप्पट जोराने करील. तो एकटा भेटला, तुझं त्याचं बरं असलं, तरच म्हण, "मला नाही रे आवडत ते." मोजून एवढंच. आणि मोठ्यांपैकी कुणी 'चला, दोघं हात मिळवा, संपलं भांडण' असं करायला निघालं तर तुझ्या वर्गमित्रासाठी तरी ते पटवून घेऊ नकोस. भांडणात दोघं बरोबरीचे असतात. शाळांमधल्या दांडगाईचा अभ्यास ज्यांनी १९७०च्या दशकात पहिल्यांदा नेटाने केला, त्या डॅन ओल्व्यूस यांनी हेच तर ठामपणे मांडलं होतं. जाणूनबुजून, पुन्हा पुन्हा, आणि ताकदीने कमी असलेल्याला दिलेला त्रास म्हणजे दांडगाई. तिथे समेट कसला घडवायचा? तिथे थांबवायचं असतं.

म्हणून तुझ्या चांगुलपणाची हद्दही सांगते. हजेरीतली फट तू बुजवू शकतेस. पण त्याला कुणी मारत असेल, त्याच्या वस्तू किंवा पैसे घेत असेल, नकलेचे व्हिडिओ फोनवरून फिरत असतील, तो शाळा बुडवायला लागला असेल, तर ते मोठ्या माणसापर्यंत गेलंच पाहिजे. आणि 'मला जगावंसंच वाटत नाही' असं काही तो बोलून गेला, तर त्याच दिवशी, त्याने कितीही शपथ घातली असली तरी. ती शपथ मोडायची. हजेरीच्या नकलांबद्दलही सांगायला काहीच हरकत नाही. फक्त 'सर, ती मुलं त्रास देतात' असं सांगितलं की उत्तर येतं 'शांत बसा'. त्यापेक्षा आठवडाभराच्या तारखा लिही, कोणत्या तासाला, काय झालं, साधारण किती जण हसले. नावं नाही लिहिलीस तरी चालेल. तो कागद घेऊन दोघी-तिघी मिळून, ऐकून घेतील असं वाटतं त्या बाईंकडे किंवा सरांकडे जा. तोंडी तक्रार त्यांच्या कानावरून जाते, तारखांचा कागद टेबलावर पडून राहतो. पण त्याआधी त्याला एकदा विचार. हजेरीला त्याने नुसता हात वर केला तर चालेल का, असं सरांना विचारायचं की नाही, हे त्याने ठरवायचं. कदाचित त्याला 'हजर' म्हणायचंच असेल. कितीही वेळ लागला तरी.

आईवर रागावू नकोस. तिला तू भांडणाच्या मध्ये उभी दिसतेस. तिला सांग की मी कुणाशी भांडणार नाहीये, मी नंबर कुणाचा आहे ते बघणार आहे आणि बाटली भरून आणणार आहे. (ज्या आया हे वाचत असतील त्यांना: 'मध्ये पडू नकोस' हे आपण मुलीच्या काळजीपोटीच म्हणतो. पण उद्या तिच्यावर वेळ आली तर बाकी सगळ्या मुलींना त्यांच्या आयांनी हेच सांगितलेलं असेल.)

आणि पोस्टर. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या ५६ शाळांमध्ये एक प्रयोग झाला होता, त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. तिथे मोठ्यांनी घोषणा ठरवून दिल्या नाहीत. त्यातल्या निम्म्या शाळांमध्ये थोड्या मुलामुलींना एकत्र बसवलं आणि आपल्या शाळेत काय खुपतं, त्यावर काय करायचं, ते त्यांचं त्यांना ठरवू दिलं. काही ठिकाणी कुणी चांगलं वागताना दिसला की ही मुलं त्याच्या हातात एक नारिंगी पट्टा घालायची. उरलेल्या शाळांच्या तुलनेत तिथे वर्षभरात मुलांमधल्या भांडणांच्या, त्रासाच्या नोंदी साधारण ३० टक्क्यांनी कमी झाल्या. त्यातही जास्त गुण आला तो ज्यांच्याकडे बाकीच्यांचं लक्ष असतं अशी मुलं त्या गटात होती तिथे. ती हुशार किंवा शिक्षकांची लाडकी असतात असं नाही. कोण हसल्यावर बाकीचे हसतात, ते बघ. तुझ्या वर्गात अशी एखादी मुलगी नक्की असेल, आणि ती मनाने वाईट असेलच असं नाही. तिला सद्भावना वगैरे काही सांगू नकोस. फक्त विचार, "उद्या हजेरीला हसू नकोस ना. एकदा बघू काय होतं."

पोस्टर काढायचं की ठेवायचं ते तुझं तू ठरव. मला विचारशील तर काढ आणि दुसऱ्या भिंतीवर लाव. त्याच्या डोक्यावर नको. त्याने वर बघितलं की ते दिसतं, आणि तुझी सहीही दिसते.

तुला एकदम फार करायचं नाहीये. मधल्या सुट्टीनंतर वर्गात परत येताना तुझ्या बाकावरचं दप्तर जरा सरकव, एवढं सुरुवातीला पुरे. जागा रिकामी दिसली की कधीतरी कुणीतरी बसतं. तो बसेल असं नाही. वही उचलून दिल्यानंतर तू जे तोंड फिरवलंस, ते त्यानेही बघितलंय. त्यामुळे पहिल्यांदा, दुसऱ्यांदा तो तुझ्यावर विश्वास ठेवणार नाही, कदाचित तुसडेपणानेही वागेल. वाईट वाटून घेऊ नकोस आणि दप्तर परत जागेवर ठेवू नकोस.

पंधरा दिवसांनी मला पुन्हा लिही. त्याच्या पुढचा नंबर कोणाचा निघाला, तेवढं तरी कळव.

– तुझी ताई